तुळईची वाटणी

करवतीचा शोध लागला आणि पाठोपाठ नात्यात खून पडला. निदान ग्रीक पुराणकथा तसं सांगते. डिडॅलस हा नावाजलेला कारागीर. त्याच्या बहिणीने आपलं बारा वर्षांचं पोर मामाच्या हाताखाली शिकायला ठेवलं. पोराने माशाच्या पाठीचा काटा बघितला, लोखंडाच्या पट्टीला तसेच दात पाडले आणि करवत तयार केली. भाच्याचं कौतुक मामाला सोसवेना. त्याने त्याला अथेन्सच्या गडावरून खाली ढकललं. अथीना देवीने पोराला मध्येच झेललं आणि त्याचा तित्तिर पक्षी केला. म्हणून तित्तिर उंच झाडावर घरटं करत नाही, जमिनीलगतच राहतो. कथा खोटी असेल, पण हत्याराची कुंडली तिने बरोबर मांडली आहे. घरात करवत आली की कोणीतरी कोणाकडे तरी तिरक्या नजरेने बघू लागतोच.

पातळ फळी असेल तर प्रकरण निभावून जातं. पाऊण इंची फळी कापताना करवत एका अंशाने कलली तर फरक पडतो पाव-अर्ध्या मिलिमीटरचा. पॉलिशपेपर चार वेळा फिरवला की घरची अब्रू घरात राहते. चार इंच जाडीच्या लाकडात तोच एक अंश पावणेदोन मिलिमीटरला जातो आणि सहा इंचांत अडीचच्या पुढे. सुताराच्या हिशेबात हे पाऊण सुताहून जास्त झालं. इंचाचे आठ सूत. त्यातला अर्धा सूत चुकला तरी जुने सुतार कान पकडत. स्वतःचा नव्हे, उमेदवाराचा.

जाड लाकडाची खोड अशी, की कापणाऱ्याला दिसते फक्त वरची रेघ. करवतीचं दुसरं टोक खाली अंधारात काय उद्योग करतं आहे ते काप पुरा झाल्यावरच कळतं. आपल्याकडे बरेच व्यवहार याच पद्धतीने चालतात, पण त्यांत निदान भुसा पडत नाही.

हा सगळा अभ्यास मला एका तुळईमुळे घडला. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्यांचा साताऱ्याकडे वडिलोपार्जित वाडा होता. तो उतरवला. हल्ली उभ्या वाड्यापेक्षा पाडलेल्या वाड्याला गिऱ्हाईक जास्त. खांब हॉटेलात जातात, दिंडीदरवाजा फार्महाउसला लागतो, कड्या-कोयंडेसुद्धा दिवाणखान्यात चौकटीत बसतात. कोनाड्याला तेवढा भाव नाही, कारण तो उचलून नेता येत नाही. तिघा भावांनी बाकी सगळं विकलं आणि माजघरावरची एक तुळई तेवढी आठवण म्हणून राखली. आजोबांचा पाळणा हिलाच टांगला होता, अशी घरात श्रद्धा आहे. (पाळणा टांगलेल्या तुळया त्या वाड्यात तीन-चार निघाल्या असं ऐकतो. एवढे पाळणे हलवायला आजोबा एकटेच होते, पण ते असो.)

तुळई सागवानी, नऊ फूट लांब, सहा बाय चार. म्हणजे दीड घनफूट लाकूड, वजन सत्तावीस-अठ्ठावीस किलो. तीन भाऊ, तीन तुकडे, प्रत्येकी तीन फूट. थोरल्यांना बाक करायचा होता, मधल्यांना टीव्हीखाली ठेवायला काहीतरी हवं होतं, आणि धाकटे न्यू जर्सीत असल्यामुळे त्यांना फक्त हक्क हवा होता. टेम्पो टिंबर मार्केटच्या बाजूने इमारतीत आला, तुळई पार्किंगमध्ये उतरली, आणि तळमजल्यावर राहणारा व कोणाचाही नातेवाईक नसलेला इसम म्हणून मला पंच नेमण्यात आलं.

आधी गिरणीवर नेण्याचा विचार निघाला होता. लाकडाच्या वखारीत पट्ट्याच्या करवतीवर दोन मिनिटांचं काम. पण वडिलोपार्जित वस्तूला परका हात नको असं थोरल्यांचं म्हणणं. मग तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराचं फर्निचर करत असलेल्या मिस्त्रींना विचारलं. ते खाली आले, तुळईवर हात फिरवला, टिचकी मारून आवाज ऐकला, "माल कडक आहे," म्हणाले आणि वर जायला निघाले. कापून द्याल का, असं विचारल्यावर म्हणाले, "साहेब, आम्ही एकोणीस एमएमच्या पुढे जात नाही." खरंच आहे. आजच्या मिस्त्रीचं आयुष्य प्लायवूड, सनमायका आणि फेविकॉल या त्रिकोणात जातं. पायाच्या अंगठ्याने ओंडका दाबून धरून उकिडवं बसून चिरणारा सुतार आता शोधायला लागतो, आणि सापडला तर त्याचे गुडघे दुखत असतात.

तेव्हा घरच्या घरी कापायचं ठरलं. रविवार, संध्याकाळी सहा. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेआठ, म्हणजे धाकट्यांना व्हिडिओवर हजर राहता येणार होतं. मोबाइल स्कूटरच्या हँडलला टेकवून उभा केला. धाकट्यांच्या मागे त्यांचं गॅरेज दिसत होतं आणि भिंतीवर ओळीने टांगलेली, अजून कागदाचे पट्टे न काढलेली हत्यारं. त्यांत जपानी करवतही होती. ती ओढताना कापते, आपली नेहमीची बाजारी करवत ढकलताना. ओढण्यावर पातं ताणलं जातं, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येतं, असं धाकट्यांनी सविस्तर समजावलं. ती करवत न्यू जर्सीत आणि तुळई पुण्यात, एवढीच अडचण होती.

"तुळईचं माप एकदा नीट घ्या," धाकटे म्हणाले. "इकडे टू बाय फोर म्हणून विकतात ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन असतं."

"आपल्या पणजोबांनी सहा बाय चार म्हटलं की सहा बाय चारच," थोरले म्हणाले. त्या एका वाक्याने भारतातल्या दोन्ही भावांची छाती एकदम रुंदावली. मी टेप लावला तर एका टोकाला सहा भरले, दुसऱ्या टोकाला पावणेसहा. पंचाने प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची नसते.

पहिला वाद टेपवरूनच पेटला. थोरल्यांच्या टेपने नऊ फूट बरोबर, मधल्यांच्या टेपने एक मिलिमीटर जास्त. टेपच्या टोकाला जो लोखंडी आकडा असतो तो किंचित ढिला असतो, आणि मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. बाहेरून अडकवला की तो स्वतःच्या जाडीइतका पुढे सरकतो, आतून टेकवला की तेवढाच मागे, म्हणजे दोन्ही मापं बरोबर येतात. मधल्यांनी टेप घेतल्याच्या दिवशीच "हे हलतंय" म्हणून हातोडीने ठोकून तो पक्का केला होता. एकच टेप वापरायचा, असा निवाडा मी दिला. कोणता, यावर अर्धा तास गेला.

खरी मेख पुढे होती. करवत रेघेवर चालत नाही, रेघ खाते. जिथून ती जाते तिथलं लाकूड भुसा होऊन खाली पडतं, आणि दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असल्यामुळे ही फट पात्यापेक्षा रुंद पडते. साधारण दोन मिलिमीटर धरा. म्हणून सुतारकामाचा पहिला नियम: करवत नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवावी. नियम उत्तम आहे. पण वाटणीच्या लाकडाला टाकाऊ बाजू कोणती?

मी हे विचारलं आणि पार्किंगमध्ये शांतता पसरली. तीन फुटांवर एक रेघ, सहा फुटांवर दुसरी. करवत रेघेच्या अलीकडे चालवली तर थोरल्यांचं जातं, पलीकडे चालवली तर मधल्यांचं. मधोमध चालवली तर टोकाच्या दोन तुकड्यांतून अर्धी-अर्धी फट जाते आणि मधल्या तुकड्याच्या दोन्ही अंगांनी अर्धी, म्हणजे त्याची एक पुरी. मधल्यांच्या वाट्याला मधला तुकडा आला होता. "म्हणजे मी मधला म्हणून नेहमीप्रमाणे," ते म्हणाले. त्यात तुळईव्यतिरिक्त बरंच काही होतं. त्यांच्या शाळेच्या फीपर्यंत जाऊन यावं लागलं. शेवटी एकूण लांबीतून दोन फटी आधीच वजा करायच्या आणि उरलेल्याचे तीन भाग करायचे असं ठरलं. नऊ फूट म्हणजे 2743 मिलिमीटर, त्यातून चार गेले, भागिले तीन: प्रत्येकी 913. भुशाचा तोटा तिघांनी सारखा सोसायचा. भुसा मात्र इमारतीत झाडलोट करणाऱ्या मावशींनी रोपांना घातला, त्याची वाटणी कोणी मागितली नाही.

आता रेघ चारही बाजूंनी फिरवायची. हे काम लोकांना कंटाळवाणं वाटतं, आणि म्हणूनच बहुतेक जाड लाकडं वाकडी कापली जातात. वर एक रेघ मारली की माणसाला कधी एकदा करवत चालवतो असं होतं. वास्तविक पेन्सिलचीही रेघ नको. तीच अर्धा मिलिमीटर जाड. धारदार चाकूने बारीक चीर पाडावी, दाताला तिच्यात बसायला जागा मिळते. गुण्या लावायचा आणि वरून बाजूवर, बाजूवरून खाली, खालून पुन्हा वर असं यायचं. शेवटची रेघ पहिलीला जिथून सुटलो तिथेच मिळाली पाहिजे.

आमची मिळेना. अडीच सूत इकडे. वाड्याच्या तुळया वाकसाने तासलेल्या असतात, रंध्याने नव्हेत. त्यांच्या चार बाजू एकमेकींशी काटकोनात असतील अशी अपेक्षा करणं हा त्या सुतारावर अन्याय आहे. छत तोलणं हे तिचं काम होतं, गुण्याला टेकणं नव्हे. यावर उपाय असा, की शेजारशेजारच्या दोनच बाजू निवडून तिथे रंधा मारून घ्यायचा आणि गुण्याचं खोड प्रत्येक वेळी त्या दोहोंनाच टेकवायचं, तिसरीच्या तोंडाला लागायचं नाही. मधले रंधा शोधायला वर गेले. तोवर थोरल्या वहिनी खाली आल्या, त्यांनी बँकेने दिलेल्या मोठ्या कॅलेंडरचं पान सरळ कडेने तुळईभोवती घट्ट गुंडाळलं, कडेवर कड बरोबर बसवली आणि म्हणाल्या, "हिच्या कडेने मारा रेघ." पाइप कापणारे हेच करतात. कडेवर कड बसली तर रेघ आडवी सरळच येते, लाकूड चौकोनी असो वा नसो. मधले रंधा घेऊन परत आले तेव्हा दोन्ही रेघा मारून झाल्या होत्या. त्यांनी तरीही थोडा रंधा मारला, आणला होता म्हणून.

जुन्या लाकडात खिळे असतात, ही आठवण मी केली. करवतीच्या दाताला खिळा लागला की दातही जातो आणि यंत्र असेल तर डोळाही जाऊ शकतो. फ्रिजवरचं गोव्याचं चुंबक आणून तुळईवरून फिरवलं. ते दुसऱ्या रेघेवर नेमकं टच्च चिकटलं. पटाशीने भोवतालचं लाकूड उकरून पकडीने ओढला तर चौकोनी, लोहाराने घडवलेला खिळा निघाला. फोटो निघाले. "हाच तो पाळण्याचा," थोरले म्हणाले आणि खिळा त्यांनी खिशात घातला. मधल्यांनी ते पाहिलं. धाकट्यांनीही पाहिलं, पण तिकडे चित्र अडकलं होतं.

मधल्यांची तयारी यंत्राची होती. आधी त्यांनी टाइल कापायचं मार्बल कटर आणलं होतं. चार इंची चकतीचं हे यंत्र आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं आणि त्याला लाकडाचं पातं लावणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत. मी ते पहिल्या फटक्यात बाद केलं. दातेरी पातं लाकडात अडकलं की यंत्र उसळून अंगावर येतं, आणि याला धड झाकणही नसतं. शिवाय काप जेमतेम 34 मिलिमीटर खोल. चारही बाजूंनी फिरलात तरी आतला गाभा शाबूत. मग सव्वासात इंची गोल करवत निघाली. तिचा काप सुमारे 65 मिलिमीटर खोल, म्हणजे अडीच इंचांच्या आसपास. चार इंच लाकूड एका दमात कापणार नाही, पण वरून एकदा आणि उलटून खालून एकदा चालवलं की पलीकडे जातं. जिगसॉचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही, ते बरं झालं. तिचं पातं एकाच टोकाला धरलेलं. जाड लाकडात वरून रेघेवर चालतं आणि खालून शेतातल्या पायवाटेसारखं मन मानेल तिकडे वळतं.

पहिला काप यंत्राने झाला. सरळ पट्टी क्लॅम्पने आवळली, तिला टेकवून करवत चालवली, आवाज झाला, सेक्रेटरी गॅलरीत आले, मासिक सभेचा विषय नक्की झाला. तुळई उलटवली आणि दुसऱ्या बाजूने तेच. तुकडा सुटला. आणि कापाच्या बरोब्बर मध्यावर, जिथे वरचा काप खालच्याला भेटतो, तिथे अर्ध्या सुताची पायरी. दोन्ही काप आपापल्या जागी अगदी सरळ होते, एवढंच की त्यांचं एकमेकांशी बोलणं झालं नव्हतं. आता पायरीची गंमत अशी, की एका तुकड्यावर ती उंच असते तेव्हा दुसऱ्यावर खोल असते. थोरल्यांच्या तुकड्याला अर्ध्या भागात अर्धा सूत जास्त, म्हणजे मधल्यांच्या तुकड्याला तेवढाच कमी. रंध्याने काढून टाकू, असं थोरले म्हणाले. "काढा, पण परत माझ्या तुकड्याला चिकटवा," मधले म्हणाले.

दुसरा काप थोरल्यांनी हाताने करायचं ठरवलं. जाड लाकडाला हातकरवतीची रीत वेगळी. वरच्या रेघेने थेट खाली उतरायचं नसतं. पलीकडच्या कोपऱ्यावर अंगठ्याच्या पेऱ्याचा आधार देऊन, करवत उलट ओढत चार हलके घाव घालून खाच पाडायची. मग वरच्या रेघेने अलीकडे यायचं आणि त्याच ओघात समोरच्या बाजूवरची रेघ धरून खाली उतरायचं, म्हणजे एका वेळी दोन रेघा डोळ्यांसमोर राहतात. जी बाजू दिसत नाही तिच्यापर्यंत करवत पोचूच द्यायची नाही. तिरका त्रिकोण कापून झाला की लाकूड वळवायचं आणि पुढच्या कोपऱ्यावरून तेच. आधी पडलेल्या फटीतच करवत शिरते आणि रेघ सोडत नाही. चार कोपरे झाले की मध्ये थोडा गाभा उरतो. तो कापताना करवतीला इकडेतिकडे जायची मुभाच नसते. हाताला जोर नको, लय हवी. थोरल्यांकडे जोर होता.

सागवान वरून मऊ वाटतं, पण त्याच्या आत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. दात लवकर बोथट होतात. थोरल्यांची करवत अर्ध्यातच कण्हू लागली. त्यात तुळईची दोन्ही टोकं दोन विटांच्या थरांवर टेकवलेली होती. दोन टोकांना आधार आणि मध्ये काप, मग लाकूड स्वतःच्या वजनाने मध्ये खचतं, फट वरून मिटते आणि करवत आत अडकते. आधार कापाच्या एकाच अंगाला द्यावा, सुटणारा तुकडा मोकळा ठेवावा आणि शेवटी त्याला फक्त हाताने तोलून धरावं, नाहीतर तो तुटताना ढलपी घेऊन जातो. हे सांगेपर्यंत करवत अडकली होती. मधल्यांनी फटीत एक लाकडी पाचर ठोकली. फट उघडली, करवत सुटली.

पंचतंत्रात अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसून पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट आहे. सुतार दुपारचे जेवायला गेलेले असतात. गोष्टीचं तात्पर्य नसत्या उठाठेवी करू नयेत असं सांगतात, पण मला तिचं तांत्रिक अंग जास्त पटतं: कितीही वर्षं होवोत, अर्धवट कापलेलं लाकूड मिटायला टपलेलंच असतं. आमच्याकडे माकड नव्हतं, पण सेक्रेटरींचा नातू होता. त्याला पाचरेपासून लांब धरून ठेवणं, एवढंच मी त्या संध्याकाळी ठोस केलेलं काम.

पाऊण तासाने दुसरा तुकडा सुटला. थोरले घामाने भिजले होते आणि उजवा हात खांद्यापासून खाली स्वतंत्र झाला होता. काप मात्र देखणा. गुण्या लावला तर उजेड दिसेना. यंत्राने झालेल्या कापाकडे पाहून मधले थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग टेप काढला. थोरला तुकडा 914, मधला 912, धाकटा 913. धाकट्यांनी तिकडून टाळ्या वाजवल्या. त्यांचा तुकडा जिन्याखाली ठेवायचा आणि पुढच्या वर्षी ते आले की बघायचं, असं ठरलं. एका मिलिमीटरचा हिशेब जिलब्यांवर मिटला, मधल्यांना एक जास्त देऊन.

त्याच वेळी थोरल्यांचा फोन वाजला. अक्का होत्या, कोल्हापूरहून. चौघांत सगळ्यांत मोठ्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. तुळईचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेले होते.

"तीन तुकडे केलेत म्हणे," अक्का म्हणाल्या. "माझा कुठला?"

तिघेही एकदम बोलू लागले. अक्कांनी बोलू दिलं. मग 2005 सालच्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा दिला आहे, एवढं सांगितलं. महाराष्ट्राने तर 1994 सालीच तशी सुरुवात केली होती, हेही सांगितलं. आणि पुढचं गणित फोनवरच सोडवलं. चौघांना चार समान वाटे म्हणजे प्रत्येक भावाने आपल्या तीन फुटांतून चौथाई द्यायची. छत्तीस इंचांतले नऊ. तीन ठोकळे, नऊ-नऊ इंचांचे.

"म्हणजे अजून तीन काप," मधले हळूच म्हणाले. थोरल्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"अक्का, तिन्ही ठोकळे सारखे यायचे नाहीत गं," थोरले म्हणाले. "आजचं तुला सांगतो..."

"नकोच आहेत सारखे. माझ्याकडे जुनी गोल काच आहे, तिच्याखाली घालणार आहे. तीन पायांवर ठेवलेलं काहीही डुगडुगत नाही, पाय लहान-मोठे असले तरी. डुगडुगतं ते चार पायांचं. शाळेत शिकवलं होतं मी तुला."

"पण काच तिरकी बसेल."

"बसू दे. तुम्ही याल तेव्हा उतार तुमच्या बाजूला ठेवीन."